खाकी कव्हराच्या आत

पिपरी मेघे, वर्धा
१७ ऑक्टोबर २०२५

सौ. पौर्णिमा भगत यांस,
नमस्कार.

हे पत्र लिहायला मला ज्ञानेश्वर उमाटे याने भाग पाडलं. परवा पंधरा तारखेला इथल्या एका शाळेने वाचनाच्या कार्यक्रमाला मला पाहुणी म्हणून बोलावलं होतं. मुलांनी वाचावं, आईवडिलांनी वाचू द्यावं, असं मी वीस मिनिटं बोलले. आयुष्यभर मुलांच्या हातात पुस्तकं दिली, असंही बोलून गेले. टाळ्या झाल्या. चहाच्या वेळी एक टक्कल पडलेला माणूस पाया पडला. "मॅडम, मी ज्ञानेश्वर. पुलगावले आठवी ब, शेवटचा बाक. नातीले घेऊन आलतो." मी त्याला आशीर्वाद दिला. मग तो हसत हसतच म्हणाला, "पुस्तकं दिल्याचं काई आठवत नाई मॅडम, घेतल्याचं आठवते. पौर्णिमा थूलच्या पुस्तकाचं पान फाडलं होतं तुमी. तिच्या बाबाले त्याच साली वाचनालयातून काढलं, पुस्तकं गायब झाली म्हनून."

चहा मी तसाच ठेवला.

तुझे वडील पिंपळधरीच्या विहारातलं वाचनालय बघतात हे मला तेव्हा माहीत होतं. त्यांना काढलं हे माहीत नव्हतं. त्या जूनमध्ये माझी बदली हिंगणघाटला झाली आणि पुलगावशी संबंध सुटला. तू आता जामजवळच्या गावात पोस्ट सांभाळतेस असं ज्ञानेश्वर म्हणाला. त्याने फोन नंबरही दिला. पण फोनवर माझा आवाज वर्गातला होतो, आणि या विषयाला तो चालणार नाही.

घरी येऊन जुनी पेटी उघडली. तीत एक पुस्तक सापडलं, 'दीपगृहातला पाहुणा'. आत शिक्का आहे, 'संबोधी वाचनालय, पिंपळधरी'. वर्गात जप्त केलेल्या वस्तूंमध्ये ते राहिलं असावं आणि बदलीच्या वेळी चुकून माझ्या सामानात आलं असावं. मी ते वाचलेलं नाही. जसं होतं तसं सोबत रजिस्टरने पाठवत आहे.

एका पुस्तकासाठी कुणी कुणाला काढत नाही. तेव्हा ज्ञानेश्वरच्या बोलण्यात अतिशयोक्ती असावी असं मला वाटतं. तसं असल्यास कळव. मी वर्गात कडक होते आणि त्याबद्दल मला काही वाटत नाही. पान फाडलं ते मात्र बरोबर नव्हतं.

वडिलांची प्रकृती कशी आहे?

सुलोचना कापसे


जाम, ता. समुद्रपूर
२७ ऑक्टोबर २०२५

आदरणीय कापसे मॅडम,
सविनय जयभीम.

दिवाळीच्या टपालात तुमचं रजिस्टर माझ्याच टेबलावर आलं. पत्त्यावरचं अक्षर पाहिलं आणि आधी हाताची नखं कापलेली आहेत का ते पाहिलं. एक्कावन्न वर्षांची झाले आहे मी, मॅडम!

गावची सगळी पाकिटं लावून झाली, मग पुस्तक काढलं. पहिलं पान फक्त बघते, म्हटलं. ते वादळ, ते खडकावर आपटणारं गलबत, आणि दीपगृहाच्या दारावर बाहेरून तीन टकटक, जेव्हा बेटावर दुसरं कुणी असणंच शक्य नाही. मी टपालाच्या पोत्यावर बसले ती बसलेच. शेवट मला माहीत आहे, तरी थांबवेना. लीलाबाई टपाल विचारायला आल्या. "काऊन वं, डोळे काऊन असे लाल तुहे?" म्हटलं, "जहाज बुडून राह्यलं, मावशी." त्यांनी मला पाणी आणून दिलं.

आता एक सांगते, तुम्हाला कदाचित माहीत नसेल. बाबा वाचनालयाच्या प्रत्येक पुस्तकाला खाकी कागदाचं कव्हर घालत. रहस्याचं पुस्तक असलं की आम्हा मुलांचा एक नियम होता. साठाव्या पानावर थांबायचं. मागच्या कव्हराची घडी उलगडून तिच्या आत लिहायचं, आपला संशय कुणावर आणि कशावरून. मग घडी मिटायची आणि पुढे वाचायचं. आधीच्यांचे अंदाज पुस्तक संपेपर्यंत बघायचे नाहीत. नवीन पुस्तक आलं की पहिला अंदाज बाबांचा असे. ते सगळी पुस्तकं आधी वाचत आणि मगच आम्हाला देत. दिवसभर गिरणीत उभं राहून आलेला माणूस संध्याकाळी विहाराच्या ओट्यावर बसून आम्हा पोरांना विचारायचा, "सांगा, माळ्यानं खोटं काऊन सांगतलं?" आम्ही भांडत असू. असं भांडण नंतर कॉलेजातही कुणी माझ्याशी केलं नाही.

'दीपगृहातला पाहुणा'च्या घडीत चार अंदाज आहेत. बाबांचा, माझा चुलतभाऊ रत्नदीपचा, माझा. चौथा लाल शाईत आहे. "पृ. ६०. संशय: डॉक्टर. कारण: पावसातून आला, पण बूट कोरडे. २२-११-८७." 'कारण'खाली दोन रेघा आहेत.

माझ्या सगळ्या मराठीच्या वह्यांत ते दोन रेघांचं 'कारण' आहे, मॅडम. त्या वह्या मी अजून ठेवल्या आहेत.

डॉक्टर नव्हता. पण बुटांचं कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं, बाबांच्याही नाही.

बाबा एक्याऐंशी वर्षांचे आहेत. डोळ्यांत मोतीबिंदू आहे, तब्येत ठीक आहे. एका पुस्तकासाठी कुणी कुणाला काढत नाही, हे तुमचं बरोबर आहे. पुस्तकं नऊ होती. बाकीची आठ कुठे असतील याबद्दल तुमचा काही अंदाज?

आपली विद्यार्थिनी,
पौर्णिमा


पिपरी मेघे
३ नोव्हेंबर २०२५

पौर्णिमा,

नऊही माझ्याकडेच होती. आठ अजून आहेत.

पाठवण्याआधी मी त्या पुस्तकाचं पान न पान चाळलं होतं. कुठे माझं अक्षर नाही ना, हेच बघत होते. कव्हराची घडी उलगडायचं सुचलं नाही. लिहिलं होतं तेच विसरले होते. मी तुला खोटं लिहिलं. अडुसष्ट वर्षांच्या बाईने, तेही सहीनिशी.

आता नीट सांगते. मी वर्ध्याला मराठी घेऊन बी. ए. केलं, सत्त्याहत्तर साली. आमच्या सरांनी आम्हाला शिकवलं होतं की साहित्य वेगळं आणि रहस्यकथा वेगळ्या. त्या रिकामटेकड्यांनी वाचायच्या. मी ते वहीत उतरवून घेतलं आणि दहा वर्षं मुलांना ऐकवलं. ऑगस्ट सत्त्याऐंशीमध्ये तुझ्या बाकाखालून 'वाळूतलं जहाज' काढलं, तेव्हा आयुष्यात तसलं एकही पुस्तक मी वाचलेलं नव्हतं. घरी नेलं ते तुझ्या पालकांना चिठ्ठी लिहिण्यासाठी, आत काय आहे ते कळावं म्हणून. रविवारची दुपार होती. गॅसवर दूध ठेवलं होतं. वाळवंटात दोन भावंडांना वाळूत पुरलेली एक शिडाची काठी दिसते, तिथपर्यंत आले आणि जळकट वास आला. दूध सगळं ओट्यावर होतं. मी ओटा पुसला नाही, आधी प्रकरण संपवलं.

चिठ्ठी मी लिहिली नाही.

त्यानंतरची आठ मी सहामाहीच्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यात ठेवून वाचली. बापूराव, म्हणजे माझे यजमान, शेजारी सांगत, "सुलोचना फार मन लावून पेपर तपासते." मनच लावत होते. भुयारात मेणबत्ती विझली की माझा हात थंड पडायचा. तुमच्या घड्या मला दुसऱ्याच पुस्तकात सापडल्या. साठाव्या पानावर थांबायला किती ताकद लागते हे मला कळलं. हातात लाल पेन होतं, त्यानेच लिहिलं. कुणी कधी बघेल असा विचार मनात आला नाही, कारण पुस्तकं परत द्यायची आहेत हा विचारच मी बाजूला ठेवला होता. पुढे परत द्यायची म्हटली असती तर कुणीतरी विचारलं असतं, इतके महिने ठेवून काय केलंत. त्या एका प्रश्नाला भिऊन मी पेटीला कुलूप लावलं.

परवा पेटी उघडी पाहून बापूराव म्हणाले, "इतके वर्स हात लावू देत नव्हती, मले वाटलं सोनं असंन." मी त्यांना सगळं सांगितलं. ते हसले. मग तुझ्या वडिलांचं सांगितलं, तेव्हा हसायचे थांबले.

शिस्तीसाठी जप्त केली आणि मोहाने ठेवून घेतली, एवढं माझ्याकडून झालं. पार्सलाने आठही पाठवते. वाचनालयाच्या समितीला वेगळं पत्र लिहिते, की पुस्तकं माझ्याकडे राहिली, थूल यांचा दोष नाही. तेवढं पुरेसं होईल ना?

सुलोचना कापसे


जाम
१२ नोव्हेंबर २०२५

आदरणीय मॅडम,
जयभीम.

पार्सल करू नका. उतरवून घ्यायला इथे मीच बसलेली आहे, आणि मला ते घ्यायचं नाही.

शिस्तीसाठी, असं तुम्ही लिहिलंत. डिसेंबरमधली एक गोष्ट तुम्हाला आठवते का? तुम्ही वाक्याचे भाग शिकवत होतात आणि फळ्यावर उदाहरण लिहिलंत, "दीपरक्षकाने हिरवा कंदील विझवला." वर्गात कुणाला काही वाटलं नाही. मी मात्र ताठ बसले. ते वाक्य पुस्तकात जसंच्या तसं आहे, पान अठ्ठ्याण्णव. मॅडम वाचतात! घरी जाईपर्यंत माझे पाय जमिनीवर नव्हते. एखादा गुप्तहेर पकडल्यासारखं वाटत होतं, आणि त्याहून जास्त, मला कुणीतरी मैत्रीण मिळाल्यासारखं वाटत होतं.

म्हणूनच जानेवारीत तुम्ही नववं पुस्तक, 'घंटाघराची तेरावी पायरी', माझ्या दप्तरातून काढलंत तेव्हा मी हळूच विचारलं, "मॅडम, आधीचं आवडलं का?" आणि हसले. चिडवायला नव्हते हसले. आपलं दोघींचं गुपित आहे असं वाटलं होतं मला.

तुम्ही शेवटचं पान टर्रकन फाडलंत, चुरगळून टोपलीत टाकलंत आणि सगळ्या वर्गासमोर म्हणालात, "हेच वाचायला शिकवतात का तुमच्या विहारात?"

ज्ञानेश्वरला पान आठवतं. मला वाक्य आठवतं. दुसऱ्या दिवशी शाळेमागे कचरा जाळतात त्या राखेत मी पान शोधलं. मिळालं नाही. घंटाघरात कोण होतं हे मला आजही माहीत नाही. बाबांना विचारता आलं असतं. पण विचारलं असतं तर पुस्तक कुठे आहे हे सांगावं लागलं असतं.

आता माझं ऐका. ती नऊ पुस्तकं मी नोंद न करता नेली होती. वाचनालयाच्या कपाटाची किल्ली आमच्या घरी खिळ्याला असायची. आठवड्याला एक पुस्तक असा नियम होता आणि मला आठवडाभर थांबवत नसे. गावात प्रत्येक घर जयंतीला एक पुस्तक देत असे, आत घराचं नाव लिहून. कुणाच्या लग्नाचं, कुणाच्या नामकरणाचं. एप्रिलमध्ये मोजणी झाली, नऊ कमी. तेव्हाचे अध्यक्ष ताराचंदकाका भर बैठकीत बाबांना म्हणाले, "लोकाईनं विश्वासानं देल्ली, तू रद्दीत घातली का प्रेमदास?" बाबांनी किल्ली काढून सतरंजीवर ठेवली आणि घरी आले. मी दारामागे होते. तेरा वर्षांची. तोंड उघडलं नाही. मग चौदाची झाले, वीसची झाले, माझं लग्न झालं, मुलं झाली.

बाबा तेव्हापासून विहारात वंदनेला जातात, वाचनालयाच्या खोलीत जात नाहीत. चप्पल काढतानाही त्या दाराकडे पाठ करतात.

म्हणून समितीला पत्र नको. दर रविवारी सकाळी वंदना असते, त्यानंतर माणसं थांबतात. स्वतः या. मी तिथे असेन. तुमचं झाल्यावर मलाही बोलायचं आहे, आणि एकटीने ते माझ्याने होणार नाही.

पौर्णिमा


पिपरी मेघे
२० नोव्हेंबर २०२५

पौर्णिमा,

तुझं पत्र पाच दिवस उशाशी होतं. दोन उत्तरं लिहिली आणि फाडली. पहिल्यात माझं वय, गुडघे आणि बसचा प्रवास होता. दुसऱ्यात त्या काळी सगळेच शिक्षक असे होते, असं होतं. दोन्ही वाचून माझीच मला किळस आली.

मी ३० तारखेच्या रविवारी येते. पण येण्याआधी तुला हे लेखी द्यायचं आहे, कारण बोलताना मी पुन्हा मऊ शब्द शोधेन.

शिस्तीसाठी फक्त पहिलं पुस्तक घेतलं होतं. बाकीची मला हवी होती म्हणून घेतली. चांगली पुस्तकं तुझ्याकडेच असतात हे मला कळलं होतं. सोमवारी वर्गात शिरताना माझी नजर आधी तुझ्या दप्तराकडे जायची. दप्तर फुगलेलं दिसलं की मला आनंद व्हायचा. एका तेरा वर्षांच्या मुलीच्या हातून तिचं पुस्तक ओढून घ्यायचं, तिला अंगठे धरून उभं करायचं, आणि शाळा कधी सुटते याची वाट बघायची, कारण पिशवीत पुढची गोष्ट आहे. हे मी केलं. आठ वेळा.

नवव्या वेळी तू हसलीस. तुला कळलंय हे मला त्या क्षणी समजलं. सगळा वर्ग बघत होता. तू जे विचारलंस त्याचं खरं उत्तर "फार आवडलं" हे होतं. ते उत्तर लपवायला मी पान फाडलं. आणि तरीही तू माझ्याकडे बघतच होतीस, म्हणून ते वाक्य बोलले. मला तुला गप्प करायचं होतं आणि तुला सगळ्यात जास्त काय लागेल हे मला बरोबर माहीत होतं. 'तुमच्या' हा शब्द मी नकळत वापरला नाही. मुलांच्या हातात पुस्तकं ठेवायला एका गिरणी कामगाराने विहारात जे उभं केलं, तसं त्या शाळेत आम्हा बावीस पदवीधरांपैकी एकानेही केलं नव्हतं. त्यावर मी थुंकले, आणि घरी जाऊन तिथलंच पुस्तक वाचलं.

त्या दिवशी मधल्या सुटीत मी केराच्या टोपलीत हात घातला होता. मलाही पान हवं होतं. ओमप्रकाश शिपायाने टोपली आधीच नेली होती. 'तेरावी पायरी' मी शेवटाशिवाय वाचली. तिच्या घडीत माझा अंदाज नाही. पडताळता येणार नव्हता, म्हणून लिहिला नाही. घंटाघरात कोण होतं हे मलाही माहीत नाही. माझं हे ठीकच झालं. तुझं तसं नव्हतं.

तुझ्या वडिलांना मी येणार हे आधी सांग अथवा सांगू नकोस, तुला योग्य वाटेल तसं कर. त्यांनी ऐकून घेतलं नाही तर मी पुस्तकं ठेवून परत येईन. माफ करा असं म्हणेन, पण माफी मिळावी अशी अपेक्षा धरून येणार नाही.

सुलोचना कापसे


जाम
३ डिसेंबर २०२५

आदरणीय मॅडम,
जयभीम.

रविवारी तुम्ही बोलताना पूर्ण वेळ सतरंजीकडे बघत होतात आणि संपल्यावर लगेच निघालात. म्हणून तुम्हाला काय दिसलं नाही ते लिहिते.

तुम्ही "पुस्तकं चोरीला गेली नव्हती, ती माझ्याकडे होती, थूल यांनी रद्दीत घातली नव्हती" असं म्हणालात तेव्हा ताराचंदकाकांच्या कुसुमबाई पहिल्या रांगेत होत्या. काका गेले, त्याला बारा वर्षं झाली. कुसुमबाईंनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि शेवटपर्यंत मागे घेतला नाही. 'तुमच्या विहारात' हे वाक्य तुम्ही जसंच्या तसं सांगितलंत तेव्हा मागची तरुण मुलं उठून उभी राहिली. एक जण म्हणाला, "अन् आता काऊन आल्या?" रत्नदीप आता समितीचा अध्यक्ष आहे, त्यानं त्यांना हातानं खाली बसवलं. तुम्ही थांबला नाहीत, बोलत राहिलात. ते बरं केलंत.

बाबांनी तुमच्याकडे एकदाही पाहिलं नाही. शेवटी फक्त म्हणाले, "मोजा." रत्नदीपने मोजली. आठ, आणि माझ्या पिशवीतलं एक. तुम्हाला वाटलं असेल, त्यांनी तोंड फिरवलं. तसं वाटलं असेल तर ते खरंच होतं.

माझं त्या बैठकीत झालं नाही. उठले, आणि परत बसले. घरी गेल्यावर बाबा खाटेवर बसले तेव्हा सांगितलं.

"बाबा, ते पुस्तकं मी नेलते. नोंद न करता."

"मले मालूम हाय."

"कधीपासून?"

"मोजनीच्या दिवसापासून. चाबी आपल्या घरच्या खिळ्याले. मी नेले नाई, तुही माय वाचत नव्हती. राह्यलं कोन?"

"मंग बोलले काऊन नाई?"

"लोकं पोरीले चोर म्हनतीन, त्यापेक्षा मले म्हनलेलं बरं. मले वाटलं, कोन्या मैत्रिनीले देऊन बसली असंन, दोन दिवसानं सांगन. मंग वाट पाहून राह्यलतो."

सदतीस वर्षं, मॅडम. त्याच घरात मी दर दिवाळीला जाऊन राहत होते.

मी खूप रडले. त्यांनी रडू दिलं, गप्प केलं नाही. बऱ्याच वेळाने म्हणाले, "ते कव्हरं वाचून दाखव." मी एकेक घडी उलगडून वाचली. लाल शाईतलं आलं की ते पुन्हा वाचायला सांगत. तुमचे सात अंदाज आहेत, दोन बरोबर. मी विचारलं, "मॅडमचा राग हाय का?" म्हणाले, "हाय. काऊन नसन? मी त्या दारासमोरून मान खाली घालून गेलो, ते काई परत येत नाई." मग म्हणाले, "पन बूट कोरडे होते, हे तिनं पकडलं. माह्या ध्यानात नव्हतं आलं ते."

रत्नदीप किल्ली घेऊन आला होता. बाबांनी घेतली नाही. "आता मले दिसत नाई. पौर्णिमाले दे, ते आली की उघडन." पण एक अट घातली आहे, आणि ती तुमच्यासाठी आहे. 'तेरावी पायरी'चं शेवटचं पान त्यांना आठवतं. ते सांगतील, तुम्ही लिहायचं. लिहून पुस्तकाला जोडायचं. आणि त्याआधी घडीत तुमचा अंदाज लिहायचा. अंदाज लिहिल्याशिवाय शेवट सांगणार नाहीत. मला विचारू दिलं नाही, मलाही आधी लिहावं लागणार आहे.

सहा तारखेला गावातली बरीच माणसं मुंबईला जातील, म्हणून चौदाच्या रविवारी या. ते म्हणाले, "येजो म्हना. अन् लाल पेन आनू नका म्हना."

पौर्णिमा


पिपरी मेघे
१५ डिसेंबर २०२५

पौर्णिमा,

काल तुझ्या वडिलांनी सांगितल्याप्रमाणे नोंदवहीत मीच लिहिलं. त्याची नक्कल तू मागितली होतीस, ती खाली देत आहे.

वाचनालयाच्या दाराशी ते थांबले आणि त्यांनी हात पुढे केला, तेव्हा आधार द्यायला मी नकळत पुढे झाले. त्यांनी तुझा हात धरला. ते योग्यच होतं. पण आत बसल्यावर ज्या सुरात त्यांनी पहिलं वाक्य सांगितलं, "वरच्या पायरीवर कोनी उभं नव्हतं, कारन वरची पायरीच नव्हती," त्या सुरात मला कुणी कधी गोष्ट सांगितली नव्हती. मी लिहायचं विसरले. "लिहा न मास्तरीनबाई," असं त्यांना म्हणावं लागलं. आठवीच्या वर्गात मी ही खोली तुझ्याबरोबर वाटून घेऊ शकले असते. तो विचार काल परतीच्या बसमध्ये वर्ध्यापर्यंत सोबत होता, आणि आज सकाळीही आहे.

सुलोचना कापसे


संबोधी वाचनालय, पिंपळधरी
रविवार, दि. १४ डिसेंबर २०२५

श्रीमती सुलोचना बापूराव कापसे यांच्याकडून परत आलेली पुस्तके, एकूण नऊ:

१. वाळूतलं जहाज. देणगी: सुखदेव थूल, मुलीचे नामकरण. मागच्या पानावर दुधाचा डाग.
२. हिरव्या पेटीचा वारस. देणगी: ताराचंद व कुसुमबाई, लग्न. कुसुमबाईंनी हातात घेऊन पाहिले.
३. बेपत्ता टपालवाला.
४. गोदी क्रमांक अकरा. लाल अंदाज बरोबर.
५. दीपगृहातला पाहुणा. रजिस्टर टपालाने आधी आले.
६. तीन घोड्यांची पागा. कव्हर नवीन घालावे, आतली घडी जपून.
७. कोळशाच्या खाणीतली शिट्टी. लाल अंदाज बरोबर.
८. बेटावरचे चौघे. देणगीदाराचे नाव पुसट. प्रेमदास थूल यांनी सांगितल्यावरून पुन्हा लिहिले.
९. घंटाघराची तेरावी पायरी. शेवटचे पान वर्गात फाडले गेले. प्रेमदास थूल यांनी आठवणीतून सांगितले, सुलोचना कापसे यांनी लिहून जोडले. त्याआधी घडीत दोन अंदाज लिहिले गेले. पौर्णिमा भगत यांचा बरोबर. सुलोचना कापसे यांचा चूक. शाई निळी.

उशीर: सदतीस वर्षे, अकरा महिने. कारण: पुस्तके आवडली.

देणार: सुलोचना कापसे
घेणार: प्रेमदास थूल, वाचक